कुंपण नव्हतं म्हणून

नवं वेलबर्न, मॅसॅच्युसेट्स उपसागर
४ ऑगस्ट १६३४

अ‍ॅनिस,

बोट बुडाली नाही, मी मेले नाही, आणि तू दिलेलं चीज मात्र तिसऱ्याच आठवड्यात उंदरांनी संपवलं. पेशन्सला समुद्रावरच दाढा आल्या. दोन वर्षांच्या पोरीचं रडणं आठ आठवडे ऐकून खलाशी तिला दिसेल तिथे सलाम करायला लागले होते.

आमचं घर कसं आहे हे तू सगळ्यात आधी विचारशील, म्हणून सांगून टाकते. घर नाही. टेकडीच्या उताराला खणलेलं एक बीळ आहे, वर लाकडं, लाकडांवर झाडाच्या साली आणि त्यावर माती. आत मी सरळ उभी राहू शकते, रूबेन नाही. दिवसातून चारदा डोकं आपटून घेतो आणि चारदा म्हणतो की पुढच्या उन्हाळ्यात पक्कं घर बांधीन.

गावात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी टोपीत टाकून जागा वाटल्या. आम्हाला प्रार्थनाघराच्या अगदी शेजारचा तुकडा आला. लोक म्हणाले, नशीबवान. जाऊन बघतो तर ओकची झाडं इतकी दाट की दोन झाडांमधून बकरीसुद्धा आडवी होऊनच गेली असती. रूबेन एक आठवडा कुऱ्हाड घेऊन भिडला. चार झाडं पडली आणि एक कुऱ्हाड मोडली.

मग त्याला नदीकाठी ते रान सापडलं. अगं, काय सांगू तुला. एकही झाड नाही, मऊ काळी माती, आणि सगळीकडे दोन-दोन पावलांच्या अंतरावर मातीचे छोटे छोटे उंचवटे, ओळीनं, जणू कोणीतरी मुद्दाम मांडून ठेवलेत. माणूस मात्र एक नाही. झोपडी नाही. कुंपण तर मैलोन् मैल शोधूनही सापडायचं नाही. रूबेन म्हणतो, कुंपण नाही म्हणजे मालक नाही, आणि देवानं हे आपल्यासाठीच मोकळं ठेवलंय.

एकच अडचण होती. प्रार्थनाघरापासून अर्ध्या मैलाच्या बाहेर कोणी राहायचं नाही असा गावाचा नियम आहे. रूबेननं अंतर स्वतः पावलं टाकून मोजलं. तुला त्याची चाल माहीत आहे, स्वतःच्या वरातीतही शेवटी पोचला असता असा माणूस. त्या दिवशी मात्र अशा ढांगा टाकत गेला की पाहणारे बाजूला झाले. अर्ध्या मैलाला पंधरा पावलं कमी भरली आणि पंचांनी होकार दिला.

तर आता तू ये. गायरानाला कुंपण पडल्यावर तुझी झोपडीही जाणार हे मी निघताना तू म्हणाली होतीस. इथे जमीन इतकी आहे की तुला एक कोपरा देताना आम्हाला कळणारही नाही. पुढच्या पिकावर आपण सगळे जगू. येताना सुया आण, आणि आढ्याला टांगायची ती मोठी कढई.

तुझी बहीण
थॉमसीन


वेलबर्न, सफोक
२८ सप्टेंबर १६३४

थॉमसीन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि चौथ्यांदा विहिरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. रूबेनच्या ढांगांवर सगळ्या बायका पोट धरून हसल्या. त्याची आई तेवढी हसली नाही.

मला किती प्रश्न पडलेत म्हणून सांगू. ते उंचवटे कोणी केले? वारा काही ओळीत माती ठेवत नाही. त्यांच्यावर गवत किती आहे? घोट्याएवढं की कमरेएवढं? काटेरी झुडपं आलीत का? आपलं तिसरं शेत दर तीन वर्षांनी पडीक सोडतो तेव्हा पहिल्या वर्षी त्यात तण असतं, झुडपं नसतात. परका माणूस आला तर त्यालाही वाटेल, मालक मेला वाटतं. तुझं रान तसं नसेलही. पण जाऊन बघ आणि मला लिही. इथे बसून मला ते डोळ्यांसमोर आणायचंय आणि तू निम्मंच सांगतेस.

आणि तिथले जुने रहिवासी कुठे आहेत? तुझ्या अख्ख्या पत्रात एकही नाही. बोटीवरचे उंदीर आले, ते नाही आले.

इकडची हकिगत अशी की गायरानाला कुंपण पडलं. जमीनदाराच्या माणसांनी कुदळीनं चर खणला आणि त्यात काटेरी रोपं लावली. मी माझी गाय घेऊन नेहमीसारखी गेले तर त्यातला एक म्हणाला, "बाई, आता इथून वळायचं." मी म्हटलं, "अरे, माझी आजी इथे गाय चारायची." तो म्हणाला, "तुमच्या आजीनं कागद केला होता का?" मी गाय वळवली. दुसरं काय करणार? पुढच्या आठवड्यात ती विकली. अजून सकाळी जाग आली की हात बादलीकडे जातो.

झोपडी पुढच्या वर्षी मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेर, सोडायची आहे. जमीनदाराचा कारभारी म्हणतो, गिरणीमागची एक खोली मला मिळेल, पण हवी की नको ते दोन फेब्रुवारीपर्यंत सांगायचं. तोवर तुझं आणखी एक पत्र आलं तर बरं. तू कोपरा देईन म्हणतेस ते मनापासून ना? मला पाहुणी म्हणून यायचं नाही. मरेपर्यंत राहायला यायचंय.

हे पत्र बंदरावर धाडतेय. या वर्षीची शेवटची बोट चुकली तर मात्र वसंतापर्यंत तिथेच पडून राहील.

तुझी
अ‍ॅनिस


नवं वेलबर्न
३० नोव्हेंबर १६३४
(इथे महिन्यांना देवदेवतांची नावं चालत नाहीत. मार्च पहिला धरून हा नववा महिना म्हणायचं. पण तुला कळणार नाही म्हणून लिहिलं.)

अ‍ॅनिस,

तुझं पत्र काही आलं नाही. तरी लिहिते, कारण बंदरातली ही शेवटची बोट आहे आणि सांगण्यासारखं खूप आहे.

आधी वाईट सांगते. आणलेलं पीठ बोटीतच ओलं झालं होतं, ते ऑक्टोबरात हिरवं पडलं. आम्ही सुरुवातीला बुरशी खरवडून खाल्लं, मग न खरवडता. पेशन्सचं पोट बिघडलं आणि तिच्या हाताची हाडं दिसायला लागली. ती रडायची थांबली, अ‍ॅनिस. बोटीवर जिच्या रडण्यानं लोकांनी कान झाकले होते, ती नुसती बघत बसायची. मला तेव्हा जी भीती वाटली ती मी कोणाला सांगितली नाही.

मग रूबेन रानाच्या कडेला तळघर खणत होता आणि कुदळ भसकन आत गेली. जमिनीत खड्डा होता, आतून सगळीकडून झाडाच्या सालीचं अस्तर. वर चटया, चटयांवर कोरडी वाळू. आणि आत तीन मोठ्या टोपल्या मक्याची कणसं. मका तू पाहिलेला नाहीस. वीतभर लांब कणीस, त्यावर दाण्यांच्या ओळी. ही कणसं एकेक माझ्या मनगटाएवढी जाड होती, एकालाही कीड नाही, टोकापर्यंत दाणे भरलेले. सालं मागे ओढून त्यांच्या वेण्या घातल्या होत्या, पोरीच्या केसांच्या घालतात तशा. पिवळी एका टोपलीत, लाल दुसरीत, निळी तिसरीत. हो, निळी.

मी तिथेच गुडघ्यांवर बसले. पाद्रीबाबांनी रविवारी आमचं नाव घेऊन देवाचे आभार मानले.

आता महिनाभर आम्ही तेच खातोय. कांडायचं, उकडायचं. पेशन्स पुन्हा गुटगुटीत झाली आणि पुन्हा रडते. वेणीच्या सालींची मी तिला बाहुली करून दिली, ती झोपतानाही सोडत नाही. पिवळी टोपली संपली, लाल चालू आहे. निळी पेरायला ठेवणार, म्हणजे वसंतात सगळं रान पिकेल आणि तू येशील तेव्हा तुझ्या ताटात पडेल. निळी भाकरी खायची तयारी ठेव.

हे लिहू नकोस असं रूबेन म्हणत होता. गावात एक-दोघं म्हणाले की कोणाचं आहे ते आधी विचारायला हवं होतं. पण विचारायचं कोणाला? इथे कोणी नाहीच.

तू ये. नक्की ये.

थॉमसीन


वेलबर्न
६ फेब्रुवारी १६३५

थॉमसीन,

तुझं नोव्हेंबरचं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं. पेशन्सबद्दल वाचून मी इथे चुलीपुढे बसून रडले, आणि ती वाचली म्हणून पुन्हा रडले. आधी हे मनात धर, आणि मग पुढचं वाच. पुढचं वाचून तुला माझा राग येईल.

आजी वाटाण्याच्या सगळ्यात टपोऱ्या शेंगा आढ्याला टांगायची, आठवतं? किडकी एक नाही, लहान एक नाही, हिरव्या वेगळ्या, करड्या वेगळ्या. आपण हात लावला की हातावर चापट बसायची. खायच्या शेंगा कशाही पोत्यात कोंबलेल्या असायच्या, त्यांना कोणी विचारायचं नाही. मी मका पाहिला नाही, पण माणसं पाहिलीत. खायचं धान्य कोणी बाळंतिणीसारखं वाळूत, चटईत, रंग वेगळे करून ठेवतं का? अगं, ते बियाणं आहे. कोणीतरी सगळ्या पिकातून निवडून ठेवलेलं.

आणि ज्यानं बियाणं ठेवलं तो परत यायच्या हिशेबानंच गेला असणार.

मी तुला बोल लावत नाही. माझी पोर तशी बघत बसली असती तर मी वेदीवरचा प्रसादही उचलला असता. जे पोटात गेलं ते गेलं. पण निळी टोपली शिल्लक असेल तर ती ठेवून दे. पेरू नकोस, खाऊ नकोस. ज्यांची आहे ते आले की त्यांच्या हातात दे, अर्धीमुर्धी नको, पुरती दे. मी गायरानावरून गाय घेऊन परत आले त्या दिवशी मला काय झालं ते मलाच ठाऊक. तसं तुझ्यामुळे कोणाला झालं तर मला तुझ्या घरात घास गिळवणार नाही.

हो, तुझ्याच घरात. मी येतेय. कारभाऱ्याला दोन तारखेला सांगितलं की गिरणीमागची खोली नको. त्यानं तिथल्या तिथे ती कुंभाराच्या सासूला दिली. ऑगस्टच्या बोटीनं निघेन. सुया घेतल्यात. कढई जड आहे, पण घेतली.

अ‍ॅनिस


नवं वेलबर्न
१० जून १६३५

अ‍ॅनिस,

तुझी दोन्ही पत्रं एकाच बोटीनं आली, मेच्या अकराला. ती दहा दिवस आधी आली असती तर मला निदान एक गोष्ट तुझ्यापासून लपवावीशी वाटली नसती. पण आता सगळं सांगते, कारण याचा भार तुझ्यावरच पडणार आहे.

एक मेला नदीच्या बाजूनं एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. चेहऱ्यावर देवीचे व्रण, अजून लालसर. बरोबर एक म्हातारी. ती बाई सरळ खड्ड्यापाशी गेली, जिथे आता आमचं तळघर आहे. तिथे उभी राहिली, मग खाली बसली. रूबेननं अँब्रोजला हाक मारली. अँब्रोज होडीतून कातड्यांचा व्यापार करतो, त्याला त्यांची भाषा थोडीफार येते.

"ती म्हणतेय, गेल्या वसंतात यांच्यात देवीची साथ आली," अँब्रोज म्हणाला. "निम्मी माणसं गेली. पेरायला हातच नव्हते म्हणून बियाणं पुरून ठेवलं आणि वरच्या अंगाला नातलगांकडे गेले. आता पेरायला आलेत. विचारतेय, बियाणं कुठंय?"

रूबेन म्हणाला, "तिला सांग, आम्हाला माहीत नाही."

अँब्रोजनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही माहीत."

तेवढ्यात पेशन्स बिळातून बाहेर आली, हातात ती बाहुली. त्या बाईनं बाहुली घेतली, उलटी केली, वेणी कशी घातलीय ते बोटानं चाचपलं. आपलीच वेणी माणसाला ओळखता येते. मग बाहुली पोरीच्या हातात परत दिली आणि म्हातारीला घेऊन निघून गेली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

निळी टोपली तेव्हा बिळात माझ्या अंथरुणाशी होती. मी तरी गप्प राहिले. दहा दिवस गप्प राहिले, कारण त्या टोपलीत पेशन्सचा पुढचा हिवाळा होता, आणि तुझाही. आम्ही आणलेला गहू इथल्या मातीत उगवलाच नाही आणि गावात कोणाकडे पसाभर जास्तीचं बी नाही.

मग तुझी पत्रं आली. फेब्रुवारीचं रूबेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अर्धी देऊ. अर्धी टोपली त्यांना, अर्धी आपल्याला. यात काय चुकलं?" मी म्हटलं, "तीन टोपल्या होत्या रे." तो म्हणाला, "तुझी बहीण समुद्रापलीकडे चुलीपुढे बसून हुकूम सोडतेय. तिला काय जातंय?" मी म्हटलं, "तिचंच सगळं जातंय."

टोपली मीच नेली. अँब्रोजनं होडीतून सोडलं. ती बाई आणखी एका बाईबरोबर, अँब्रोज म्हणाला तिची बहीण, जमीन उकरत होती. शिंपल्याचं पातं लावलेली कुदळ होती हातात. तिनं टोपलीत हात घातला, एक कणीस हुंगलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारतेय, अजून आहे का," अँब्रोज म्हणाला.

मी नाही म्हटलं. पोरगी उपाशी होती, आम्ही खाल्लं, आधी खोटं बोलले तेही माझं चुकलं, असं सगळं सांगितलं. अँब्रोजनं त्यातलं किती पोचवलं देव जाणे. तिनं मान हलवली, टोपली उचलली आणि कामाला लागली. मला वाटलं होतं निदान ती माझ्याकडे बघून हसेल. नाही हसली. परत येताना होडीत मला तिचाच राग आला होता, आणि त्या रागाची मला अजून लाज वाटते.

रानाचं एक राहिलं होतं. रूबेन तिथून हलेना. गावाचं म्हणणं, ती जमीन त्यांच्या सरदाराकडून कागद करून घेऊ. तुझ्या पत्रातला तो आजीचा कागद आठवला मला. मग मी पंचांकडे गेले आणि सांगितलं की माझ्या नवऱ्यानं अर्धा मैल ढांगा टाकून मोजलाय. त्यांनी साखळी आणून मोजलं. चौऱ्याऐंशी पावलं जास्त भरली. न्यायअन्यायाचं एक अक्षर कोणी काढलं नाही, पण नियम म्हणजे नियम. आठवड्यात आम्ही ओकच्या झाडांत आलो. रूबेन आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "कुऱ्हाडीला धार लाव." त्यावर भागवलं.

त्या बाईच्या माणसांनी ते रान पेरलं, आणि आता ते उंचवट्या-उंचवट्यांवर कोवळं हिरवं आहे. एकाच उंचवट्यात मका, पुढे त्याला चढणारा घेवडा आणि खाली भोपळा. तू विचारलं असतंस म्हणून मुद्दाम बघून आले, लांबून. अर्धं रान रिकामं आहे. तेवढं बी नव्हतं.

आणि आम्ही खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, खातो. उकडलेल्या तिसऱ्या, भाजलेल्या तिसऱ्या. झाडांच्या बुंध्यांमधे दोन वाफे वाटाणे लागलेत. हिवाळ्यात आमचे तिघांचेच हाल होणार आहेत, चौथ्या तोंडाला देण्यासारखं काही नाही. गावानं या वर्षी नवीन माणूस घ्यायचं नाही असंच ठरवलंय.

म्हणून, अ‍ॅनिस, येऊ नकोस. मीच ये म्हटलं, मीच खोली सोडायला लावली, आणि मीच आता नको म्हणतेय. तू कुठे जाशील? मला शिव्या दे, पण बोटीत बसू नकोस.

थॉमसीन


वेलबर्न
३० सप्टेंबर १६३५

थॉमसीन,

तुझं पत्र ऑगस्टच्या अकराला पोचलं. माझी पेटी गाडीवर चढली होती. गाडीवान ओळखीचा, त्यानं काही न विचारता ती उतरवली. कढई उतरवताना तेवढा म्हणाला, "एवढं वजन समुद्रात बुडालं असतं बघा."

दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या, तू सांगितलंस म्हणून नव्हे. मनापासून दिल्या. त्यातल्या काही रूबेनलाही होत्या, त्याच्या वाटच्या त्याला दे. माझ्याच अक्कलहुशारीनं माझा घात केला, असं भिंतींना सांगत होते. मला लिहितावाचता आलं नसतं तर बरं झालं असतं, असंही म्हणून झालं.

काल झोपडी सोडली. मी आता जमीनदाराच्या स्वयंपाकघरात आहे, दूधदुभतं बघते. ज्याला वर्षभर विहिरीवर बसून नावं ठेवली त्याचंच लोणी काढते. झोपायला दुधाच्या खोलीवरचा माळा आहे, गारठा आहे पण कोरडा. खिडकीतून गायरान दिसतं. कुंपणाची रोपं गुडघ्याएवढी झालीत. आतल्या गायींमधे माझीही आहे, त्यांनीच विकत घेतली होती. ती मला ओळखते. मी हाक मारत नाही. इथल्या मोठ्या बाईंना ते चालणार नाही.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. निळी कणसं निळीच उगवली का? मका, घेवडा आणि भोपळा एकाच ठिकाणी, मग भोपळा बाकीच्यांना दाबून टाकत नाही का? ती बाई पुन्हा दिसली का, आणि तुझ्याकडे बघते का? रिकामं राहिलेलं अर्धं रान पुढच्या वर्षी भरलं तर मला आधी ते कळव, बाकीची खुशाली नंतर.

आणि एक गोष्ट, जी मी पाद्रीबाबांनाही सांगणार नाही. पुरती टोपली दे असं लिहिलं तेव्हा मी माझ्या चुलीपुढे बसले होते, माझ्या छपराखाली, आणि मला वाटत होतं की मला तुझं घर आहे. आज या माळ्यावर बसून तेच पत्र लिहायला घेतलं असतं तर मी लिहिलं असतं, रूबेन म्हणतो ते बरोबर, अर्धी ठेव. कदाचित लिहिलं असतं, सगळीच ठेव आणि मला बोलावून घे. काल रात्रीपासून मी हेच मनात घोळवतेय आणि स्वतःला खोटं सांगता येत नाही.

बरं झालं, ते पत्र फेब्रुवारीतच गेलं.

अ‍ॅनिस